हंसाकडची रेघ

खाणीच्या तळाशी सरांनी उभारलेल्या प्रयोगशाळेत तिची अठरा वर्षं गेली होती. न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा कण वायूच्या टाकीत धडकला, तर रेघ उमटणार होती. हंस तारकासमूहाकडून येणारी, आकाशाबरोबर दिशा बदलणारी. पहिल्या चार रेघा हंसाकडच्याच निघाल्या, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या सरांना तिने हरखून कळवलं. आज चाळीस रेघांच्या वेळा तिने ताडून पाहिल्या. आकाश फिरलं होतं, रेघांची दिशा मात्र तीच होती, पूर्वेची. पहिल्या चार रेघांच्या वेळी हंस योगायोगाने तिथेच होता. पूर्वेच्या भिंतीला मापक लावताच तो टिकटिकला. डागडुजीच्या सिमेंटमध्येच किरणोत्सार होता. सरांच्या मुलीचा फोन आला. "ताई, बाबा विचारतायत, हंसच ना?" खोटा आकडा सरांनी तिला कधी लिहू दिला नव्हता. "नाही," ती म्हणाली, "भिंतच निघाली." पलीकडे कुजबुज झाली. मग मुलगी म्हणाली, "ताई, त्यांनी तोंड फिरवलंय. आता फोन नका करू."