लिंबाचं कोलोन

दारात मुकद्देसकाकूंनी हातावर कोलोन ओतलं नाही, हे निहानला लगेच जाणवलं. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरमध्ये वैरी जरी घरी आला तरी आधी त्याच्या तळव्यांवर स्वागताचं सुगंधी लिंबाचं कोलोन पडतं, मग बाकीचं बोलणं.

"ये पोरी, बस," वेयसेल उस्ता म्हणाले. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. "चहात साखर तुझी तूच घाल. माझे हात सध्या रजेवर आहेत."

तिला हसू आलं नाही. इंजिन तिनं रचलेलं होतं, नव्या तऱ्हेचं, मेण आणि ऑक्सिजनवर चालणारं, उपग्रहाला अंतराळात पुढे ढकलणारं. जोडलं होतं उस्तांनी, कारखान्यातल्या मुरलेल्या कारागिरांनी. ईदेच्या दिवशी चाचणीत ऑक्सिजनचा व्हॉल्व्हच पेटला. त्यातल्या गळती रोखणाऱ्या दोन सीलांपैकी एक जळायचं राहिलं, त्यावर लिंबाच्या तेलाचा अंश सापडला. शुद्ध ऑक्सिजनमध्ये पेट घ्यायला तेवढंही पुरतं.

"सणाची सकाळ होती," उस्ता म्हणाले. "निघताना हिनं ओंजळभर ओतलं. हातमोजे चढवतानाच बाहेरून लागलं असणार. उद्या चौकशीत सांगून टाकतो, चूक माझी. मला काय, घरी बसवतील. तुझं इंजिन थांबायला नको."

"ह्यांची कसली चूक?" काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "ओतलं मी. ह्यांचे हात मी जाळले. बाटली मोरीत रिकामी केली, आता पुन्हा घरात आणायची नाही."

"बघ, हे असं चाललंय. झोपतसुद्धा नाही बाई."

निहाननं गरम पेला मुठीत घट्ट धरला. त्या दिवशी सीलं खाचेत नीट बसत नव्हती. उस्ता पाना घ्यायला वळले, तेवढ्यात तिनं हातमोजा काढून दोन्ही सीलं अंगठ्यानं दाबली होती. त्याच्या जरा आधी सगळ्यांना ईदेच्या शुभेच्छा देत तिनंच पर्समधल्या बाटलीतलं कोलोन वाटलं होतं, स्वतःच्या हातांवरही घेतलं होतं. आणि आज घरून निघताना तिनं काय ठरवलं होतं? नुसती विचारपूस करून परत यायचं. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं पर्समधून तीच छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"काकू, ते तुमचं नव्हतं. हे होतं. मी हातमोजा काढला होता, उस्तांची पाठ वळलेली होती. उद्या चौकशीत मी सांगते."

उस्ता आपल्या पट्ट्यांकडे बघत राहिले. काकू पुढे आल्या, हात कुठेही न पुसता, ओल्या हातांनीच त्यांनी बाटली उचलली आणि झाकण काढलं. निहाननं सवयीनं दोन्ही तळवे पुढे केले.

काकूंनी कोलोन स्वतःच्याच ओंजळीत ओतलं, भरपूर, आणि त्यात तोंड खुपसून त्या ढसाढसा रडू लागल्या. निहानचे हात तसेच पुढे राहिले.