बारा वर्षं मुरलेली

माझी धाकटी जाऊ डिस्टिलरीत व्हिस्कीची पिंपं भरायची. चौदा वर्षांपूर्वी ती कामावरून परतलीच नाही.

आज भाऊजींनी तिथल्याच तीन बाटल्या मांडल्या: अठरा वर्षं मुरलेली, पंधरा आणि बारा. ऊन ग्लासांतून टेबलावर डुलत होतं.

"ओता वहिनी. नुसत्या वासानं तुमचा नेम नाही मोडत."

अठरा चाखून ते हसले. "मध, सफरचंद आणि तिच्या हातांचा साबण!"

पंधरातही साबण होता.

"बाराची ती गेल्यावर भरलीय. हिच्यात तो नसला, की मी वाट बघणं सोडतो."

मी ओतली. त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

मी हलकेच वास घेतला. मध नव्हता, सफरचंद नव्हतं. नुसता ओला साबण होता आणि ग्लासात हळूहळू फेस चढत होता.