अर्धी प्रार्थना

आई गेल्यावर तिच्या घरच्या आल्तारावरची, म्हणजे वेदीवरची, मरियामातेची मूर्ती कुणी ठेवायची, यावरून बस्त्याव आणि धाकटा इनास यांचं फाटलं. कॅम्पातल्या एका घराची मधे भिंत घालून दोन घरं झाली. दोघंही एकटेच. रविवारी मिस्साला एक डावीकडं बसतो, दुसरा उजवीकडं.

पण रोज संध्याकाळी चर्चची घंटा झाली की बस्त्याव जपमाळ घेऊन त्या भिंतीला टेकून बसतो. "नमो मरिये" असा सुरू होणारा प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग तो मोठ्यानं म्हणतो. "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर" असा संपणारा उरलेला अर्धा इनास पलीकडून म्हणतो. पन्नास वेळा, रोज.

मागल्या रविवारी फादर म्हणाले, "बस्त्यावआप्पा, भावाशी बोला की आता."

"न्हाय, फादर. त्यो देवाशी बोलतोय, मी बी देवाशी बोलतोय. आमचं दोघांचं बोलणं न्हाय."

आज घंटा झाली. बस्त्यावनं आपला अर्धा भाग म्हटला आणि थांबला. पलीकडून काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा म्हटला, जरा जोरात. मग भिंतीला कान लावला.

माळ हातात तशीच धरून तो अनवाणी इनासच्या दारात धावला आणि दार बडवू लागला.



इतक्या वर्षांनी भावाचं नाव काही तोंडात येईना; तो नुसतं "नमो मरिये, नमो मरिये" ओरडत राहिला.