मारुतीपुढचा हात

शनिवारचं तेल घालून शालन मारुतीच्या देवळाच्या पायरीवर टेकली. समोरून सायकलवाले देवाला हात करत सरळ निघून जात होते आणि बिनड्रायव्हरच्या गाड्या त्यांच्या उजवीकडून बिनघोर पुढे सरकत होत्या.

हे तिनेच करून घेतलं होतं. तिच्या नवऱ्याने इथेच नमस्काराला हात उचलला, तेव्हा मागच्या गाडीला वाटलं, हा उजवीकडे वळतोय. ती डावीकडून घुसली आणि त्याला चिरडून गेली. कोर्टाचे उंबरे झिजवून शालनने गाड्यांच्या कंपनीला नमवलं. या देवळापुढे उचललेला हात म्हणजे नमस्कारच, हे गावातल्या प्रत्येक गाडीला शिकवलं गेलं.

क्लासवरून येणारी लेक पल्लवी तिला दिसली. घर समोरच्याच बोळात. आईने बजावल्याप्रमाणे पल्लवीने उजवा हात लांब केला आणि सायकल बोळाकडे वळवली.

मागच्या गाडीने वेग जराही कमी केला नाही. ती नेहमीसारखी उजवीकडून पुढे निघाली.

शालन धावली. गाडीतून उतरलेला माणूस म्हणाला, "मावशी, मी गाडीला थांब म्हणालो होतो. ती म्हणाली, पोरगी नमस्कार करतेय, सरळच जाईल."