शंकेचा नग

"वृंदाताई, एवढा बघता का?" यंत्राने दिघ्यांच्या आवाजात विचारलं.

कारखान्यात चिप तपासणारे दिघे वारून वर्ष झालं होतं. त्यांची पारख आणि आवाज कंपनीने यंत्रात उतरवून ठेवले होते. वृंदाने नग भिंगाखाली धरला. तिळाएवढ्या चिपमध्ये दोन ट्रान्झिस्टर, त्यांचे रेझिस्टरही आतच. मीटरवर दोन्ही तंतोतंत जुळले.

"हे रोज एक चांगला नग अडवतं आणि तुम्हालाच हाक मारतं," नवा इंजिनिअर म्हणाला. "ही खोड पुसून टाकू?"

वृंदाचा हात थबकला. दिघेही अकरा वर्षं रोज एक नग घेऊन तिच्या टेबलाशी यायचे. त्यातला एकही सदोष निघाला नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"राहू दे," ती म्हणाली. "दोष आहे. बारीक आहे, मला दिसतो."