उंबरठ्याची पातळी

दलदलीतले पपायरसचे उंच गवत कापून, भराव टाकून उभारलेल्या वसाहतीतले नऊ नंबरचे घर माझ्या मोजकाठीवाल्या लुबेगालाच मिळाले होते. त्याच्या उंबरठ्याची उंची तपासून सही करणे एवढेच माझे काम उरले होते. पावसाचे पाणी अडवणारे तळे आणि ते वाहून नेणारा नाला माझ्याच गणिताने खोदलेले होते, आणि ते गणित मी तीनदा पडताळले होते. पाऊस दीडपट पडला, तरी उंबरठा कोरडा राहणार होता.

जानेवारीची धूळ उडत होती. लुबेगा दारात काठी धरून एकटाच उभा होता. मला तो 'न्याबो', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"काठीवरचा आकडा वाचा, न्याबो! बायको आणि तिन्ही पोरं गाठोडी बांधून बसलीत. आज सही झाली नाही, तर मुक्काम तुमच्याच घरी."

"या की. स्वयंपाक मात्र तू करायचास," असे म्हणत मी पातळी मोजायच्या यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावला.

काठीचा खालचा दीड मीटर दिसत नव्हता. तिथे तपकिरी पाणी संथपणे सरकत होते.

मी डोळा काढला. उंबरठा कोरडा होता आणि लुबेगाच्या चपला धुळीने माखलेल्या होत्या.

यंत्र नवे होते. मी काच पुसली, बुडबुडा मध्यावर आणला आणि पुन्हा पाहिले. पाणी दोन मीटरवर आले होते.

"लुबेगा, काठी घट्ट धर."

"दोन बोटं पुरतात, न्याबो. वारासुद्धा नाही."

दुर्बिणीत पाण्याच्या वर पाच मुठी काठीला आवळलेल्या होत्या, एकीवर एक. सर्वांत खालची फार लहान होती. मी पाहत असतानाच ती सुटली.