अगं, खाली ये

शिंप्याने पाय थांबवला, तरी मशीन हलतच राहिलं. मग कात्री टेबलावरून घसरली, भिंतीवरचं घड्याळ खाली आपटलं आणि जिन्यात कुणीतरी ओरडलं, "भूकंप! पळा, पळा!" तिसऱ्या मजल्यावरून तो खाली कसा आला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

अंगणात सगळी इमारत जमली होती. कुणाचे केस ओले, कुणाच्या एकाच पायात चप्पल. खालच्या मजल्यावरचा कारकून नुसत्या बनियनवर होता. शिंप्याच्या गळ्यात टेप आणि हातात अर्धवट शिवलेली पँट बघून तो म्हणाला, "वा! जीव गेला तरी चालेल, पण गिऱ्हाइकाची पँट वाचली पाहिजे!"

लोक हसले. जरा जास्तच हसले. जो तो आपापली माणसं चाचपून बघत होता. कारकुनाची बायको त्याला झापत होती, "आधी मोबाइल उचललात, मग मला हाक मारलीत. बघितलंय मी!"

शिंप्याने मान वर केली आणि आपल्या खिडकीकडे बघून हाक मारली, "अगं, खाली ये लवकर! ऐकतेस ना?"

चार-पाच बायकांनी वळून बघितलं. आपल्याला नाही, हे कळल्यावर त्या पुन्हा आपापल्या माणसांकडे वळल्या.

त्याच्या समोरच्या घरात नुकतीच राहायला आलेली नर्स शेजारीच उभी होती. रात्रपाळीमुळे तिची कुणाशी फारशी ओळख झाली नव्हती. "काकू वरच राहिल्या?" एवढं म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता जिन्यात शिरली.

"अहो, ही कुठे निघाली?" कारकुनाने विचारलं.

"आमच्या हिला आणायला," शिंपी म्हणाला.

"कुणाला?"

तेव्हा शिंप्याला उमगलं. बायकोला जाऊन बरेच महिने झाले होते. दवाखान्यात जे बोलायचं ते मुलगा बोलला होता, नातेवाइकांना फोन मुलीने केले होते. 'ती गेली' हे दोन शब्द त्याच्या स्वतःच्या तोंडून अजून एकदाही निघाले नव्हते. तिचा फोटो मुलाने चौकट करून आणला होता, तो कागदात गुंडाळलेला तसाच कपाटामागे होता.

जमीन पुन्हा हलली. छज्ज्याचा एक तुकडा सुटून अंगणात पडला. बायका किंचाळल्या. तेवढ्यात शिंप्याच्या बाल्कनीत नर्स दिसली.

"काका, काकू सापडत नाहीत! मोरीतसुद्धा बघितलं!"

शिंपी दोन्ही हातांनी 'नको, नको' करत राहिला.

"कुठे आहेत त्या? चपला तर दारातच आहेत त्यांच्या!"

कारकुनाने तोंड उघडलं, पण बायकोने मागून त्याचं बनियन ओढलं.

"गेली ती!" शिंपी सगळा जीव एकवटून ओरडला.

"गेल्या? कुठे, बाहेर?"

तो वर बघत राहिला. बाल्कनीचा कठडा हलत होता आणि ती त्यालाच धरून उभी होती.

"हो, बाहेर! दुसऱ्या चपला घालून गेली! तू ये खाली आधी!"

नर्स खाली आली तेव्हा तिच्या केसांत चुना होता आणि कोपर खरचटलं होतं. ती पायरीवर मटकन बसली, दम घेतला आणि हसली.

"माझा जीवच अडकला होता, काका. बरं झालं बाई, काकू घरात नव्हत्या."

अंगणातलं कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. शिंपी हातातल्या पँटची घडी घालत होता. नीट बसेना, म्हणून त्याने ती उलगडली आणि पुन्हा घातली.

"हो ना," तो म्हणाला. "फार भित्री आहे ती."